क्रीडा-सल्ला : ‘दुर्लक्ष कर’ म्हटलं, आणि बूट कोपऱ्यात गेले

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा. संध्याकाळी पोलो ग्राउंडवर फुटबॉल शिकायला जातो. रंगाने सावळा, म्हणून पोरं ‘काळियो’ म्हणतात; सरही हसतात. मी ‘दुर्लक्ष कर’ म्हटलं, तर परवापासून बूटच घालत नाही. काय करू?
— एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, पॅरिसजवळच्या एका आईनेही जवळपास हेच सांगितलं होतं. तिचा मुलगा लिलियन थुराम, पुढे फुटबॉलपटू झालेला, कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावरून १९८१ साली तिथे आलेला. वर्गातली पोरं त्याला टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या काळ्या गायीच्या नावाने चिडवायची. काळी गाय मठ्ठ, पांढरी हुशार! आई म्हणाली, लोक असेच असतात, बदलायचे नाहीत. ‘मी नवव्या वर्षी काळा झालो,’ असं थुराम सांगतो. तोवर तो नुसता लिलियन होता.

पुढे हा बचावपटू फ्रान्सकडून १४२ सामने खेळला. गोल अवघे दोन, तेही एकाच सामन्यात : १९९८च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल, क्रोएशियाविरुद्ध. २००८ मध्ये खेळ थांबला आणि त्याच वर्षी त्याने वंशभेदाविरुद्ध शिक्षण देणारी संस्था काढली. वंशभेद कुणी जन्मतः आणत नाही, शिकतो, असं तो मुलांना सांगतो.

आपण याला वंशभेद म्हणत नाही, गंमत म्हणतो. मीही म्हणायचो. एकतीस वर्षं पीटी शिकवली. वर्गात तीन राहुल असले की एकाला ‘काळू’ करून मोकळा. गेल्या वर्षी तोच मांडवीजवळ शेव-उसळच्या गाडीवर भेटला. माझ्या तोंडून निघालंच, ‘काय रे काळू!’ त्याच्या चिमुरडीने विचारलं, ‘पप्पा, काळू कोण?’ तो हसला. मला पुढचा घास उतरेना.

सरांना एकटं गाठा, पोरांसमोर नको. मोठ्या सामन्यात असल्या घोषणा झाल्या की रेफरी आधी खेळ थांबवतो, मग संघांना मैदानाबाहेर नेतो, तरी चालूच राहिलं तर सामना बंद. तुमच्या सरांना पहिली पायरी पुरे : शिट्टी. चिडवणारा खरं नाव घेईल तेव्हाच बॉल हलेल. नाही ऐकलं तर क्लास बदला, फी बुडाली तरी चालेल.

आणि आज रात्री त्याला ‘माझं चुकलं’ म्हणा, याच शब्दांत. त्याआधी बाथरूममध्ये गोरं करणारी क्रीमची ट्यूब असेल तर ती टाकून द्या. मुलं ट्यूबवरचं वाचतात.