बाबांचं बीपी १५२/९६ निघालं. गोळी न घेता पथ्यावर आटोक्यात येईल का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ५४ वर्षांचे, दिवसभर वावरात राबतात, काही त्रास नाही आणि शिबिरात अचानक १५२/९६ निघालं. मी डॉक्टर नाही, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. पण सासूबाई आणि आमचे हे, दोघंही बीपीचे आणि स्वयंपाक माझ्याकडे, म्हणून सांगते.

आधी नीट मोजून घ्या. शिबिरात माणूस उन्हातून येतो, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि टेकला की लगेच दंडाला पट्टा. आकडा चढणारच. अर्धा तास आधीपासून खर्रा-चहा बंद, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकवून पाच मिनिटं न बोलता बसायचं, मग मोजायचं. उपकेंद्रात फुकट मोजून देतात. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० च्या वरच आलं, तर बीपी आहे असं समजा. काही दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. म्हणजे चार माणसांच्या घरात किलोचा पुडा निदान ५० दिवस पुरायला हवा, तोही लोणच्या-पापडातलं मीठ धरून. पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख टाका. आमचा महिनाभरही टिकत नव्हता!

भाजी अळणी केली तर घरात भांडण. म्हणून मी भाजीला हात न लावता आधी ताटाची डावी बाजू कमी केली. लोणचं, पापड, कुरडई, मिरचीचा ठेचा, तळलेली सांडगी मिरची, सगळं मीठ तिथं बसलेलं असतं. पापडात तर मिठावर पापडखार, त्यातही सोडियमच. आता ठेच्यात लिंबू नि लसूण जास्त, मीठ नावाला. जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, चिंचेचं आंबट वरण यांना मीठ कमी चालतं. भाताला, भाकरीच्या पिठाला मीठ नाहीच. मग हळूहळू भाजीतलं कमी केलं. काही आठवड्यांत जिभेला सवय होते. सैंधवाच्या नादी लागू नका, तेही मीठच.

यांचं पालुपद एकच: "एवढा घाम गाळतो, मले मीठ लागनच ना!" रोजच्या जेवणात असतं तेवढं पुरतं, वरून घ्यायची गरज नसते.

दुसरी गोष्ट कोणी विचारतच नाही: अंगदुखीच्या गोळ्या. फवारणी करून कंबर धरली की दुकानातून डायक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेन आणायची, ही आपल्याकडची रीतच. या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि किडनीवरही ताण येतो. बाबा घेत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. खर्रा आणि मोहाची यांबद्दल वेगळं काय सांगू, सोडाच. वजन जास्त असेल तर उतरवा. वावरातली कामं संपली की आपली माणसं पारावर बसून राहतात, त्या दिवसांत रोज अर्धा तास झपाझप चालू द्या. आणि रब्बीत रात्री लाईन (वीज) येते तेव्हा पिकाला ओलीत करून जागरण होत असेल, तर दुपारची झोप तरी मोडू नका.

एवढ्याने गोळी टळेल का? वरचा आकडा दहाएकाने उतरू शकतो, कुणाचा जास्त, कुणाचा कमी. शुगर, किडनी, हृदय तपासून डॉक्टर ठरवतील. गोळी दिली तर घ्या, आणि पथ्य तरीही ठेवा. आकडा नॉर्मल आला म्हणून परस्पर बंद करू नका, तो गोळीमुळेच आलेला असतो. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की गोळी चालू असणाऱ्यांना कधी कधी उठताना चक्कर येते. तेव्हा बीपी मोजून डोस डॉक्टरांकडूनच बदलून घ्या. आणि आकडा १८०/१२० च्या पुढे असून छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं किंवा हात-पाय लुळा पडणं यातलं काहीही दिसलं, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन लावा.