लॉग, पॅच आणि त्यांच्यामधले दिवस

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न दोनच विषयांभोवती आहेत. संगणकांवरच्या नोंदी, म्हणजेच लॉग, किती आणि कशा जपायच्या, हा एक; आणि सुरक्षा-त्रुटी कोणत्या क्रमाने दुरुस्त करायच्या, म्हणजे त्यांवरचे दुरुस्ती-अपडेट किंवा पॅच केव्हा बसवायचे, हा दुसरा. इंदूर-पीथमपूर पट्ट्यातल्या पुष्कळ संस्थांमध्ये ही दोन कामे दोन वेगळ्या माणसांकडे असतात आणि त्यांची आपसांत गाठ पडत नाही. माझ्या मते निम्मा घोटाळा तिथेच होतो.

प्रश्न : रामबागेतल्या आमच्या सहकारी पतसंस्थेत सर्व्हरची डिस्क भरू नये म्हणून देखभालीचा इंजिनिअर दर महिन्याला लॉग पुसतो. हे योग्य आहे का? हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सुरू आहेच, तो पुरत नाही का?

उत्तर : योग्य नाही आणि नियमांनाही धरून नाही. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली काढलेल्या निर्देशांनुसार सर्व यंत्रणांचे लॉग मागील १८० दिवसांपर्यंतचे सुरक्षित ठेवणे बंधनकारक आहे. ‘आम्ही काही कंपनी नाही’ ही सबब चालणार नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत व्यावसायिक काम करणाऱ्या व्यक्तींच्या संघटनाही येतात. हिशेबाचा एडिट लॉग कोणत्या व्हाउचरमध्ये कोणी काय बदलले एवढेच सांगतो. रात्री सर्व्हरमध्ये कोण शिरले, हे त्याला ठाऊक नसते.

आता त्या इंजिनिअरच्या सवयीविषयी. विंडोजचा सुरक्षा लॉग कोणी पुसला की त्याच लॉगमध्ये ११०२ क्रमांकाची नोंद पुसणाऱ्याच्या नावासह आपोआप पडते. घुसखोर आपल्या खुणा मिटवतो तेव्हा ही एक खूण बहुधा मागे राहते. आपल्याकडे मात्र ती दर महिन्याला आपल्याच माणसाच्या हाताने पडत असल्यामुळे उद्या चोराने ती पाडली तरी कोणाची भुवई उंचावणार नाही. शिवाय नुसते पुसणे थांबवूनही भागणार नाही. या लॉगची मूळ मर्यादा अवघी २० एमबी असते आणि ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या नोंदी लिहिल्या जातात. वर्दळीच्या सर्व्हरवर एवढी जागा एक-दोन दिवसांतही संपू शकते. तेव्हा मर्यादा वाढवा आणि नोंदींची प्रत लगोलग दुसऱ्या यंत्रावर जाईल अशी व्यवस्था करा. त्या यंत्राचा पासवर्ड सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे नसावा, हे महत्त्वाचे.

आणि आठवड्यातून अर्धा तास कोणीतरी त्या नोंदी वाचाव्यात. एकाच खात्यावर ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदींची रांग, तिच्या शेवटी यशस्वी लॉगिनची ४६२४, आणि पाठोपाठ नवे खाते उघडल्याची ४७२०, असा क्रम मध्यरात्री दिसला तर सकाळची वाट पाहू नये.

प्रश्न : पीथमपूरच्या आमच्या सुट्या भागांच्या कारखान्यात पहिल्यांदाच संगणकांतल्या सुरक्षा-त्रुटी शोधणारा स्कॅन करवून घेतला. अहवालात हजाराहून अधिक त्रुटी निघाल्या, त्यांतल्या कित्येक ‘क्रिटिकल’ आहेत. माणसे दोन आहेत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आकड्याने घाबरू नका. एखादे जुने जावा किंवा ब्राउझर शंभर संगणकांवर असेल तर स्कॅनर त्याच्या शेकडो ओळी छापतो आणि एका अपडेटने त्या सगळ्या एकदम जातात. म्हणून अहवाल आधी त्रुटींनुसार न लावता उपायांनुसार लावून पाहा. यादी बरीच आवाक्यात येईल.

त्यानंतर क्रम ठरवताना सीव्हीएसएसच्या, म्हणजे त्रुटींची तीव्रता मोजण्याच्या पद्धतीच्या, गुणांवर विसंबू नका. या पद्धतीत ९ ते १० गुणांची त्रुटी ‘क्रिटिकल’ ठरते खरी, पण अहवालात छापलेला हा मूळ गुण त्रुटी किती घातक आहे एवढेच सांगतो. ती आपल्या स्वागतकक्षातल्या प्रिंटरमध्ये आहे की इंटरनेटला तोंड करून बसलेल्या व्हीपीएनमध्ये, म्हणजे बाहेरून कार्यालयाच्या जाळ्यात येण्याच्या दारात, हे त्याला कळत नाही. माझा क्रम असा असतो : जे बाहेरून दिसते ते प्रथम, म्हणजे फायरवॉल, व्हीपीएन, मेल आणि मशीन पुरवणाऱ्या कंपनीने दुरून दुरुस्तीसाठी ठेवलेली जोडणी. त्यातही अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेची प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी २०२१ पासून सर्वांसाठी मोफत खुली आहे. आपल्या अहवालातल्या त्रुटींचे जे क्रमांक तिच्यात सापडतील ते याच आठवड्यात हातावेगळे करावेत. इतर कामांना महिना लागला तरी चालेल, मात्र प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचे नाव आणि तारीख हवी. ‘आयटी विभाग’ हे कोणाचेही नाव नाही.

शॉप फ्लोअरचा प्रश्न वेगळा आहे. सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, मशीनला जोडलेल्या जुन्या विंडोजवर अपडेट चढवायला उत्पादक परवानगी देत नाही, ही तक्रार पीथमपुरात घरोघरी आहे. अशा संगणकांना कारखान्याच्या जाळ्यात वेगळे कुंपण घाला, इंटरनेट तोडा, यूएसबी बंद करा आणि उत्पादकाची जोडणी गरजेपुरतीच उघडून तिचा लॉग ठेवा. मशीन चालवणाऱ्या जुन्या कंट्रोलरवर चालू पाळीत स्कॅनर सोडू नका. काही कंट्रोलर त्यानेच अडकतात. अपडेट न करण्याची ही सवलत लेखी असावी, तिला मुदत असावी आणि तिच्यावर प्लांट प्रमुखांची सही असावी. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी पॅच दिला असूनही १२ मेच्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरच्या, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हल्ल्यात रेनोसारख्या कंपनीला कारखान्यांतले उत्पादन थांबवावे लागले होते. त्या सुमारे दोन महिन्यांचा धोका कोणी पत्करला हे कागदावर असले, की निर्णयही लवकर होतात.

प्रश्न : मी विजयनगरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. ‘सगळे काही लॉग करा’ असा आदेश आहे. सगळे म्हणजे किती?

उत्तर : कोणी, केव्हा, कुठून, कोणत्या नोंदीवर, काय केले आणि ते यशस्वी झाले की नाही, एवढे अवश्य. पासवर्ड, ओटीपी, कार्डाचे तपशील आणि आधार क्रमांक मात्र कदापि नाहीत. ट्विटरने मे २०१८ मध्ये आपल्या सर्व वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याची सूचना केली, कारण एका चुकीमुळे ते अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. लॉग वाचणारे हात पुष्कळ असतात, हे आपल्या साहेबांना जरूर सांगा. वेळेचीही काळजी घ्या : क्लाउडवरचा सर्व्हर यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणि कार्यालयातला भारतीय वेळेत लिहीत असेल, तर साडेपाच तासांच्या फरकामुळे घटनांचा क्रमच उलटा दिसतो. सर्ट-इनच्या निर्देशांत घड्याळे एनआयसी या सरकारी संगणक केंद्राच्या किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या वेळेशी जुळवायला सांगितले आहे ते याचसाठी.

प्रश्न : त्रुटी जाहीर झाल्यावर आम्ही चार दिवसांत पॅच बसवला. आता निश्चिंत राहावे ना?

उत्तर : पॅच दार बंद करतो; बंद होण्याआधी कोणी आत आले का, याविषयी तो गप्प असतो. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या मेल सर्व्हरच्या त्रुटींवर पॅच आले आणि अनेकांनी ते बसवलेही, पण त्यापूर्वीच घुसखोरांनी ठेवलेल्या वेब शेल नावाच्या, दुरून सर्व्हर चालवू देणाऱ्या फायली तशाच राहिल्या. अखेर एप्रिलमध्ये एफबीआयला न्यायालयाची परवानगी घेऊन अमेरिकेतल्या शेकडो सर्व्हरवरून त्या काढाव्या लागल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिट्रिक्सच्या नेटस्केलर उपकरणांत उघड झालेल्या त्रुटीत तर चोरलेली सत्रे, म्हणजे आधीच झालेली लॉगिने, पॅचनंतरही चालू राहत होती. ती सक्तीने बंद करणे हे वेगळे काम होते आणि पुष्कळांनी ते केले नाही. शिवाय त्या त्रुटीचा गैरवापर ऑगस्टपासूनच सुरू असल्याचे नंतर आढळले. म्हणजे आपण म्हणता ते चार दिवस जाहीर घोषणेपासूनचे. हल्लेखोरांचे पंचांग त्याआधी सुरू झालेले असू शकते. म्हणून गैरवापराची पहिली ज्ञात तारीख आणि आपल्या पॅचची तारीख यांच्यामधले लॉग काढून वाचल्याशिवाय यादीतली त्या त्रुटीची ओळ ‘पूर्ण’ म्हणून खोडू नये. १८० दिवसांचे लॉग खरे उपयोगी पडतात ते इथे.

प्रश्न : आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रॅन्समवेअर आले तर सहा तासांत कळवायचे म्हणतात. सहा तास कधीपासून मोजायचे?

उत्तर : घटना आपल्या लक्षात आल्यापासून किंवा कोणी ती लक्षात आणून दिल्यापासून. तेवढ्या वेळात जी माहिती हाती असेल ती सर्ट-इनला कळवावी, उरलेली नंतर पाठवता येते. एकच विनंती : घाईघाईने आलेला इंजिनिअर पहिल्याच तासात संगणक फॉरमॅट करायला निघेल, त्याला थांबवा. आधी नेटवर्कची वायर काढा, डिस्कची प्रत घ्या आणि फायरवॉलचे लॉग दुसरीकडे उतरवून ठेवा. घुसखोर कोणत्या त्रुटीतून आला हे त्यांतूनच कळण्याची शक्यता आहे, आणि ते कळले नाही तर फॉरमॅट केलेला संगणक त्याच त्रुटीसह पुन्हा उभा राहील.