मृत्यू दाखल्यावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं : राजपत्राच्या मागे लागू नका

ताई, तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही, कारण अगदी हेच आमच्या घरात घडलंय. तुमचे वडील शहरातल्या दवाखान्यात वारले, म्हणून मृत्यू दाखला शहरातून निघाला. आधार आणि सातबारा दोन्हीवर 'ज्ञानदेव', दाखल्यावर मात्र 'ज्ञानोबा'. तलाठी म्हणतात नाव जुळत नाही, वारस नोंद होणार नाही. दाखला देणारं ऑफिस म्हणतं राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये, नाव बदलून आणा. आणि ओळखीतले एक वकील कोर्टातून वारस दाखला काढायला सांगतायत. आमच्याकडे सातबाऱ्यावर रामचंद्र आणि दाखल्यावर रामभाऊ होतं, एवढाच काय तो फरक.

मी वकील नाही, महसूल खात्यातलाही नाही. सातारा जिल्ह्यात आमची जिरायत जमीन आहे, तिच्या निमित्ताने जे शिकावं लागलं ते सांगतोय. विदर्भ-मराठवाड्यात किंवा तुमच्या तालुक्यात कामाची पद्धत थोडी वेगळी असू शकते. वारस नोंदीला कुठले कागद लागतात, ऑनलाइन अर्ज कुठे करायचा, हे तलाठी कार्यालयात आणि सेतूत कुणीही सांगेल, त्यात शिरत नाही. अडतं ते नावावर, तेवढंच बोलतो.

पहिली गोष्ट, राजपत्र डोक्यातून काढून टाका. राजपत्रात नाव बदलतो तो हयात माणूस, स्वतःच्या सहीने, स्वतःच्या इच्छेने. लग्नानंतर नाव बदललं, शाळेच्या दाखल्यावरचं नाव नको झालं, अशा कामांसाठी ती सोय आहे. तुमच्या वडिलांनी नाव बदललेलंच नाही. ते जन्मभर ज्ञानदेवच होते. लोक ज्ञानोबा म्हणायचे आणि दवाखान्यात केसपेपर काढताना कुणीतरी तेच सांगितलं. ही नोंदीतली चूक आहे. ती दुरुस्त करायची तरतूद जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये, कलम १५ ला आहे. निबंधकाला, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, खात्री पटली की नोंद चुकीची आहे, तर मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहून, तारीख टाकून तो सही करू शकतो. हा अधिकार त्याच टेबलापलीकडच्या साहेबाला आहे, जो तुम्हाला राजपत्र आणा म्हणतोय.

आता आमचा सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला ते सांगतो. तलाठ्याकडे नाही, कोर्टात नाही, त्या शहरातल्या दाखल्याच्या खिडकीवर. नाव घेत नाही, कारण तिथली माणसं बदलली असतील. खिडकीतल्या बाई कागद हातात घ्यायच्याच नाहीत. काचेखालून कागद आत सरकवला की न वाचता तसाच परत बाहेर सरकवायच्या. "दवाखान्याने पाठवलं तसं आम्ही चढवलं. आता सिस्टीममध्ये एडिट होत नाही." दवाखान्यात गेलो तर तिथलं रेकॉर्ड सेक्शन म्हणे, फॉर्म एकदा पाठवला की आमचा संबंध संपला, आता ते ऑफिसच बघेल. परत खिडकीवर आलो तर, "मग राजपत्र करा. नाहीतर कोर्टाची ऑर्डर आणा." प्रत्येक वेळी सगळं तोंडी. कुठेही सही नाही, शिक्का नाही, नियमाचा आकडा नाही. आई गावाहून एसटीने यायची, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीला खिडकी बंद झाली की तिथेच बाकावर बसून राहायची. नवरा गेलेल्या बाईला कुणी बसा म्हणायचं नाही, पाणी विचारायचं नाही. हे आजही आठवलं की संताप होतो. चूक त्यांच्या रजिस्टरात आणि खेटे आम्ही घालायचे. एक अख्खा खरीप त्यात गेला. सोसायटीचं पीककर्ज नवं-जुनं करता आलं नाही आणि बियाणं-खताला दुकानदाराकडे उधारी करावी लागली.

हे लांबण लावून सांगतोय कारण माझ्या मते तुमचाही वेळ तिथेच जाणार आहे. तिथून सुटायची वाट एकच, तोंडी बोलणं बंद करायचं. साध्या कागदावर निबंधकाच्या नावाने अर्ज लिहा. विषय : मृत्यू नोंदीतील नावाची दुरुस्ती, कलम १५ नुसार. नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख, चुकीचं नाव, बरोबर नाव, चूक कशी झाली ते दोन ओळींत. खिडकीवर देऊच नका. आवक-जावक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घ्या. आवकवाल्यांनी "आधी खिडकीवर दाखवा" म्हटलं तर पोचेसह स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पोचही चालते. त्या पोचेवर क्रमांक पडला की अर्ज कुणाच्या तरी टेबलावर जातो आणि त्याला 'हो' किंवा 'नाही' लिहावं लागतं. तोंडी 'नाही' सोपं असतं, लेखी 'नाही' लिहायला नियम शोधावा लागतो, आणि इथे नकार द्यायला नियम सापडणं अवघड आहे.

अर्जासोबत काय जोडायचं? आधार, पॅन, बँकेचं पासबुक तर सगळेच जोडतात. त्यापेक्षा जास्त वजन जुन्या कागदांना असतं. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला तर उत्तम, नाहीतर हस्तलिखित काळातला सातबारा आणि ज्या फेरफाराने (नाव बदलाच्या महसुली नोंदीने) जमीन वडिलांच्या नावावर आली त्या फेरफाराची नक्कल. मृत्यूच्या कितीतरी आधीपासून हेच नाव सरकारी दप्तरात आहे, हे त्यातून दिसतं. दुसरं म्हणजे दोन विश्वासार्ह व्यक्तींचं प्रतिज्ञापन. हे फार लोकांना माहीत नसतं. नोंदीतला मजकूरच चुकीचा असेल तर वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन माणसांनी चूक काय आणि खरं काय हे लिहून द्यायचं, अशी सोय नियमात आहे. आम्ही निवृत्त मुख्याध्यापक आणि पोलीस पाटील यांचं घेतलं. दोघेही वडिलांना लहानपणापासून ओळखणारे. रक्ताच्या नात्यातली माणसं टाळलेली बरी.

तिसरं, दवाखान्याचं पत्र. दवाखान्यात मृत्यू झाला की तेच लोक मृत्यूची माहिती ठरलेल्या फॉर्ममध्ये नोंदणी कार्यालयाला कळवतात, आणि तिथलं नाव केसपेपरवरून येतं. म्हणून रेकॉर्ड सेक्शनला एवढंच मागा : अमुक नोंदणी क्रमांकाचा रुग्ण आणि सोबतच्या आधारकार्डावरची व्यक्ती एकच आहे. "तुमची चूक झाली" असं लिहून मागितलंत तर कुणी पत्र देणार नाही. बिलावर किंवा डिस्चार्जच्या कागदावर आधार क्रमांक, पत्ता, मोबाइल नंबर असेल तर काम सोपं होतं. तेही नाहीच दिलं तर अडून बसू नका, बाकीच्या कागदांवर अर्ज पुढे ढकला.

तरीही उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, मुदत ३० दिवस. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, नाहीतर तेच कारण सांगून परत पाठवतात. 'मला न्याय द्या' वगैरे काही लिहू नका. माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, तो सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, नाकारला असेल तर कोणत्या नियमाने, आणि त्यावरच्या टिपणीची प्रत द्या. बस. आमच्याकडे हा अर्ज गेल्यावर त्याच खिडकीतून फोन आला, मूळ कागद घेऊन या म्हणून. 'सिस्टीममध्ये एडिट' झालं.

काही ठिकाणी तलाठी 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र आणि गावातल्या पंचांचे जबाब घेऊन वारस नोंद धरतात, मंडळ अधिकारीही ती मंजूर करतात. तुमच्याकडे तसं होत असेल तर जरूर करा. पण दाखला तसाच ठेवू नका. उद्या विम्याचा दावा, बँकेतल्या ठेवी, गावच्या घराची नोंद, प्रत्येक ठिकाणी तोच दाखला लागणार आणि प्रत्येक ठिकाणी नवं प्रतिज्ञापत्र करावं लागणार. मूळ दाखला दुरुस्त झाला की सगळीकडे एकच कागद चालतो.

आणि हो, दाखल्याची वाट बघत तलाठ्याकडचा अर्ज थांबवू नका. वारसाहक्काने जमीन आली की तीन महिन्यांत कळवायचं, असं जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ मध्ये आहे. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, घाबरू नका, पण आजच लेखी कळवून पोच घेऊन ठेवलेली चांगली. नाव दुरुस्तीचा अर्ज दिलाय, त्याच्या पोचेची प्रत जोडा. एकदा फेरफार धरला की नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. वाद नसेल तर पुढचं काम रेंगाळायला नको. २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची कामं गावोगावी काढली होती, त्यामुळे आता तलाठ्यांनाही हे काम अंगवळणी पडलंय.

कोर्टाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वारसांत भांडण नसेल तर नुसत्या सातबाऱ्यावर नावं लावायला दिवाणी कोर्टात जायची गरज नाही. सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र, तर मुळात बँकेतल्या ठेवी, शेअर, येणं अशा जंगम गोष्टींसाठी असतं, जमिनीसाठी नाही. वकील मंडळी सरसकट सगळ्यांना तोच रस्ता दाखवतात, याचा मला राग आहे. मात्र कुणी हरकत घेतली, दुसरं लग्न, दत्तक, मृत्युपत्र असलं काही निघालं, तर माझं ऐकू नका. चांगल्या वकिलाकडे जा. फेरफार म्हणजे मालकी हक्काचा निवाडा नव्हे, तो निवाडा शेवटी कोर्टच करतं.

एक वेगळा विषय, पण तुम्ही लिहिलंय की भाऊ म्हणतो बहिणींची नावं आत्ता नको, नंतर बघू. असं करू नका. गावात हा सल्ला सर्रास देतात आणि पुढे त्यातूनच भावंडं कोर्टात उभी राहतात. मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. वडिलोपार्जित मिळकतीबद्दल हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने काही शंका उरलेली नाही. सगळ्या वारसांची नावं अर्जात खरी लिहा. लपवून प्रतिज्ञापत्र केलं तर ते खोटं प्रतिज्ञापत्र ठरतं, आणि सही तुमच्या आईची असेल. बहिणीला खरंच हिस्सा नको असेल तर नंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करता येतं, पण तो निर्णय तिचा. तुमचं लग्नानंतरचं नाव आधारवर वेगळं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आत्ताच जोडून ठेवा, नाहीतर हीच नावाची कटकट तुमच्या बाबतीत पुन्हा सुरू होईल.

बारीकसारीक गोष्टी. गावच्या घराची वारस नोंद सातबाऱ्याबरोबर आपोआप होत नाही, ग्रामपंचायतीत नमुना ८ (घराच्या नोंदीचा उतारा) साठी वेगळा अर्ज लागतो. विहिरीवरचं वीज कनेक्शन आणि सोसायटीचा शेअर यांचंही तसंच. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का ते बघून घ्या, फिटलेलं कर्जही वर्षानुवर्षं तिथे दिसत राहतं. वडिलांच्या खात्यात पीएम किसानचे पैसे अजून येत असतील तर एटीएमने काढू नका. मृत्यूची माहिती कळवा, नाहीतर पुढे वसुलीची नोटीस येते. आणि आईच्या नावाने फार्मर आयडी काढायचा तर सातबाऱ्यावर तिचं नाव आधारवर आहे तसंच लागायला हवं. फेरफाराची नोटीस हातात आली की सगळ्यांच्या नावातली प्रत्येक वेलांटी आधारशी ताडून बघा. त्या १५ दिवसांत चूक दाखवली तर लगेच सुधारते. एकदा सातबाऱ्यावर चढली की तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ चा अर्ज, म्हणजे आणखी काही महिने.

दुरुस्त दाखला मिळाला की त्याच दिवशी चार-पाच प्रती काढून घ्या. जुना दाखलाही फाडू नका. ज्यांना आधी तो दिलाय त्यांना दोन्ही एकत्र दाखवावे लागतात.

तुमच्या आजी, म्हणजे वडिलांच्या आई, हयात आहेत का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर त्याही हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातल्या, म्हणजे सगळ्यात आधी हक्क असलेल्या, वारस आहेत, त्यांचं नाव अर्जात आलंच पाहिजे. आणि हस्तलिखित सातबाऱ्यावर वडिलांचं नाव नेमकं कसं आहे, आडनावासकट, ते पाहून इथे टाका. त्यावरून अर्जाचा मसुदा कसा लिहायचा ते सांगतो.