वाचकांचे प्रश्न : कालव्याकाठची वाट आणि द्राक्षमळ्यांतली गाडीवाट

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये तुलूझला असते. सप्टेंबरमध्ये तिच्याकडे गेल्यावर कनाल द्यु मिदी या कालव्याच्या काठाने समुद्रापर्यंत सायकलने जावे, असे आम्हा पतिपत्नींच्या मनात आहे. कालव्याकाठचा रस्ता सपाटच असणार, म्हणून मी माझी 28 मिलिमीटर टायरची रोड बाइक विमानाने नेणार होतो. मुलगी मात्र तिथेच ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीमातीच्या वाटांसाठीची जाड टायरची सायकल, भाड्याने घ्या म्हणते. कोणाचे ऐकावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलीचे ऐकावे. रस्ता सपाट आहे हे खरे, पण सपाट म्हणजे गुळगुळीत नव्हे. तुलूझपासून पोर्ट-लोरागेपर्यंतचे सुमारे 50 किलोमीटर डांबरी आहेत आणि तिथवर आपली रोड बाइक सुखाने जाईल. त्यानंतर वाटेचा काही नेम नाही. कुठे दाबून बसवलेली बारीक खडी लागते, कुठे गवतातून गेलेली वीतभर रुंदीची पायवाट, तर कुठे झाडांची मुळे जमिनीतून अशी वर आलेली असतात की पायऱ्यांवरून सायकल उतरवत असल्यासारखे वाटते. मार्सेयेतच्या अलीकडे अशाच एका मुळाने माझी पाण्याची बाटली पिंजऱ्यातून थेट कालव्यात उडवली होती.

याचे कारण कालव्याच्या जन्मातच आहे. मिठावरचा कर गोळा करणाऱ्या पिएर-पॉल रिके या माणसाने 1666 मध्ये हे काम हाती घेतले आणि 1681 मध्ये ते पूर्ण झाले. रिके त्याच्या काही महिने आधीच वारला. होड्या घोडे ओढत असत, आणि आज आपण जिला सायकलवाट म्हणतो ती त्या घोड्यांसाठी केलेली वाट आहे. काठावर चिनाराच्या कुळातली सुमारे 42 हजार प्लेन झाडे होती. 2006 मध्ये त्यांच्यावर एका बुरशीजन्य रोगाची लागण आढळली. त्यावर औषध नसल्यामुळे रोगट झाडे तोडून जाळावी लागतात आणि त्यांच्या जागी निरनिराळ्या जातींची रोपे लावली जातात. त्यामुळे जुन्या छायाचित्रांतली हिरवी कमान डोळ्यांपुढे ठेवून जाऊ नये. मैलोन् मैल उघडे ऊन सोसावे लागेल आणि सप्टेंबरातही ते ऊन चांगलेच भाजते.

टायर 40 मिलिमीटरचा घ्यावा आणि 75 किलो वजनाच्या माणसाने त्यात 35 ते 40 पीएसआय हवा ठेवावी. आपल्याकडच्या सवयीने टणक हवा भरली, तर संध्याकाळी मनगटे बोलू लागतात. ट्यूबलेस टायर मिळाल्यास उत्तमच, कारण आपल्या पायांत रुततात तेच सराटे दक्षिण फ्रान्समध्येही आहेत.

अंतराची काळजी नसावी. कालवा 240 किलोमीटर लांब आहे. पहिल्या दिवशी कास्तेलनोदारी (65 किलोमीटर), दुसऱ्या दिवशी कार्कासोन (आणखी 40), तिसऱ्या दिवशी ल सोमाय (60), चौथ्या दिवशी बेझिए (40 हून थोडे अधिक) आणि पाचव्या दिवशी कालवा जिथे संपतो ते समुद्रालगतचे ‘तो’ (Thau) नावाचे सरोवर, असे आरामात जमते. पहिल्या दिवशी नोरूझच्या माथ्यावर अवश्य थांबावे. इथून एका बाजूचे पाणी अटलांटिककडे जाते आणि दुसऱ्या बाजूचे भूमध्य समुद्राकडे. या माथ्यावर कालव्याला पाणी आणायचे कुठून, हाच रिकेपुढचा खरा पेच होता आणि मॉन्तान्य न्वार डोंगरातले ओढे पाटाने इथवर आणून त्याने तो सोडवला. त्या पाटाच्या काठानेही सायकलची वाट आहे. दिवस हाताशी असेल तर कालव्यापेक्षा ती अधिक रमणीय वाटेल. वाऱ्याचेही बघावे. वायव्येकडून येणारा ‘सेर्स’ आपल्याला पाठीवर घेऊन समुद्राकडे ढकलतो, आणि आग्नेयेकडून ‘ओतां’ सुटला की सपाट वाटेवरही घाट चढल्यासारखा दम लागतो. पाऊस झाला असेल, तर तुलूझच्या पुढच्या लोरागे भागातली चिकणमाती आपल्या काळ्या मातीसारखीच चाकाला धरते. अशा वेळी एक दिवस थांबावे किंवा शेजारच्या छोट्या डांबरी रस्त्याने जावे.

प्रश्न : मी तासगाव भागातला द्राक्षबागायतदार आहे. याच कालव्याच्या बाजूला द्राक्षमळे आहेत, असे वाचले. त्यांच्यामधून सायकल नेता येते का, की मालक हरकत घेतात? – एक वाचक, जिल्हा सांगली

उत्तर : नेता येते, आणि आपल्याला तर ती सहल दुप्पट आनंदाची वाटेल. कार्कासोननंतर मिनेर्व्हा हा द्राक्षप्रदेश सुरू होतो. आर्जां ते बेझिएजवळच्या फाँसेरानपर्यंत 54 किलोमीटरच्या अंतरात कालव्यावर एकही लॉक, म्हणजे होडी चढवणारा-उतरवणारा दारांचा हौद नाही. पाण्याची पातळी एकच राखायची असल्यामुळे कालवा टेकड्यांच्या कडेकडेने वळणे घेत जातो आणि कापेस्तांजवळ तर इतका वळतो, की तासाभरापूर्वी पाहिलेला चर्चचा मनोरा पुन्हा समोर दिसतो. मळ्यांतल्या गाडीवाटा ही वळणे सरळ छेदतात. ग्रॅव्हल बाइकचा खरा उपयोग इथेच होतो: कालवा सोडावा, मुरमाच्या चढाने टेकडी ओलांडावी आणि पलीकडे पुन्हा कालवा गाठावा.

वेली मात्र आपल्या मांडवावरच्या नव्हेत. त्या कमरेएवढ्या असतात आणि तारांवर चढवलेल्या किंवा झुडपांसारख्या मोकळ्या ठेवलेल्या असतात. ग्रामपंचायतीच्या मालकीच्या शेतवाटांवर साधारणपणे कोणी अडवत नाही. ‘शमँ प्रिव्हे’ किंवा ‘प्रोप्रिएते प्रिव्हे’ अशी पाटी दिसली, तर मात्र वाट खासगी आहे असे समजून मागे फिरावे. ओळींमध्ये सायकल घालू नये. नुकतीच फवारणी झाली असेल तर मळ्यात शिरूच नये, हे आपल्याला मी सांगायला नको.

घड तर मुळीच तोडू नये. वाटसरूंच्या याच खोडीतून आपण बुरशीनाशक म्हणून फवारतो त्या बोर्डो मिश्रणाचा जन्म झाला. बोर्डोजवळच्या मेदॉक भागातले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, म्हणजे निळसर डाग बघून कोणी द्राक्षांना हात लावत नसे. नेमक्या त्याच वेलींवर डावणी हा बुरशीसारखा रोग येत नाही, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले आणि 1885 मध्ये त्याने ते मिश्रण जगापुढे मांडले.

तोडणीचा हंगाम ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत चालतो. उष्णतेमुळे तोडणीची यंत्रे पुष्कळदा रात्री किंवा पहाटे चालतात, त्यामुळे सकाळी भरल्या ट्रेलरसह परतणारे ट्रॅक्टर अरुंद वाटेवर समोर येतात; बाजूला उतरून थांबावे आणि ‘बाँझूर’ म्हणावे. याच दिवसांत रानडुकरांची शिकारही सुरू असते. वाटेवर ‘शास आं कूर’, म्हणजे शिकार चालू आहे, अशी पाटी दिसली तर भडक रंगाचे जाकीट असले तरी ती वाट टाळून कालव्यावर परत यावे.

आपल्यासारख्या पाण्याची जाण असलेल्या माणसाने एक ठिकाण चुकवू नये. बेझिएच्या अलीकडे मालपासची टेकडी आहे. तिच्या पोटातून 1679 मध्ये खोदलेल्या बोगद्यातून कालवा जातो. त्याच्या खालून रेल्वेचा बोगदा आहे आणि त्याच टेकडीतून मध्ययुगातला एक भुयारी पाटही जातो. माँतादीचे दलदलीचे तळे तेराव्या शतकात त्या पाटाने कोरडे केले गेले. वरच्या आंसेरून टेकडीवरून पाहिल्यास त्या जागेवरची शेते चाकाच्या आऱ्यांसारखी एका मध्याकडे गेलेली दिसतात.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी पूर्ण शाकाहारी आहोत. वाटेत खाण्यापिण्याचे काय करावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : शिदोरी बरोबर ठेवावी. गावातल्या खानावळी दुपारी बारा ते दोन एवढाच वेळ जेवण देतात. अडीचला पोहोचलेल्या सायकलस्वाराला कॉफीखेरीज काही मिळत नाही. बेकऱ्या पुष्कळ ठिकाणी सोमवारी बंद असतात, म्हणून रविवारी सकाळीच दोन दिवसांचा पाव आणि चीज घ्यावे. कास्तेलनोदारीत पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचा ‘कासूले’ दिसायला आपल्या उसळीसारखा असतो, पण त्यात बदक किंवा डुकराचे मांस असतेच. वाइन चाखण्याचा मोह झालाच तर दिवसाची सायकल संपल्यावर चाखावी, कारण रक्तातल्या मद्याची प्रतिलिटर 0.5 ग्रॅमची मर्यादा तिथे सायकलस्वारालाही लागू आहे.

पाण्यासाठी गावाची दफनभूमी शोधावी. आपल्या मनाला हे प्रथम रुचत नाही, मलाही रुचले नव्हते. पण फुलझाडांना घालण्यासाठी तिथे बहुधा नळ असतो आणि फिरणारे सायकलस्वार तिथेच बाटल्या भरतात. फक्त नळावर ‘नाँ पोताब्ल’ लिहिलेले नाही ना, हे पाहून घ्यावे. तसे लिहिलेले पाणी पिण्याचे नसते.