पडद्यापलीकडे : आधी नकाशा, मग पाऊल

प्रश्न : ताई, मी सांगलीची. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहे. गुडघ्यांमुळे प्रवास बंद झाला, म्हणून भाच्याने लॅपटॉपवर ‘सेकंड लाइफ’ हे इंटरनेटवरचं आभासी जग चालू करून दिलं. म्हणाला, मावशी, बसल्या जागी हवं तिथे फिर. फिरायला गेले, पण काही धड जमेना. आधी बराच वेळ मी म्हणजे नुसता एक ढग. मग माणूस झाले, तर पाय थांबेनात. थेट समुद्रात शिरले आणि तळावरून चालत राहिले. एका सुंदर बंगल्यापाशी थांबले, तर ‘दहा सेकंदांत निघा’ अशी सूचना आली आणि मला कुठल्या कुठे फेकून दिलं. एक फुकटचा ड्रेस मिळाला, तो घालायला गेले तर हाताला मोठं खोकं चिकटलं. एका चौकात पलीकडे चारजण उभे होते, त्यांना ‘हॅलो’ लिहिलं, कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यातला एक तर मान खाली घालून उभा. बाकी सगळीकडे शुकशुकाट. रात्री जेवणं आटोपली की नऊच्या सुमारास मी बसते. तिथे माझ्यासारखीला करण्यासारखं काही आहे का, की हा तरुणांचा खेळ? आणि धोका किती?
— निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : काकू, तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक प्रसंगाला साधं कारण आहे आणि ती मी सांगणारच आहे. पण आधी तुमचा खरा प्रश्न घेते.

हा खेळ नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब या कंपनीने २००३ साली हे जग लोकांना खुलं केलं आणि तेव्हापासून तिथली बहुतेक घरं, झाडं, कपडे, होड्या तिथे वावरणाऱ्यांनीच बनवल्या आहेत. जिंकायचं काही नाही, कोणी काम नेमून देत नाही, गुण मिळत नाहीत. म्हणून नुसती सुंदर ठिकाणं पाहत फिरलं की चार दिवसांत कंटाळा येतो. ज्यांना हे जग आवडलं त्यांतले पुष्कळजण तिथल्या माणसांमुळे टिकले, असं मला वाटतं. तेव्हा माणसं कुठे आणि केव्हा भेटतात एवढंच तुम्हाला शोधायचं आहे. त्याला लागतात नकाशा आणि घड्याळ, आणि या दोन्ही गोष्टी तुम्ही आयुष्यभर मुलांना शिकवल्यात!

घड्याळ आधी. त्या जगाची वेळ म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ. ती पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात दिसते. आपण तिच्यापेक्षा तिकडच्या उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास पुढे. तुम्ही रात्री नऊला बसता तेव्हा तिथे सकाळचे साडेसात-साडेआठ वाजलेले असतात. अमेरिकेतली माणसं कामाला निघालेली, युरोपातली अजून कामावर. मग शुकशुकाट नाही तर काय? तुम्ही पहाटे उठणाऱ्या असाल तर सकाळी सहाला, पहिल्या चहाबरोबर बसून पाहा. तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. गाण्याच्या मैफली, नाच, गप्पांचे कट्टे तेव्हा भरतात.

आता नकाशा. कंट्रोल आणि एम दाबा, पूर्ण जग उघडेल. त्यावर हिरवे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे त्या क्षणी तिथे असलेलं एक माणूस. ठिपके नसलेल्या जागी जाऊन ‘इथे कोणीच नाही’ म्हणून परत यायचं कारणच उरत नाही. नकाशा नीट पाहिलात तर सगळं जग चौकोनांचं बनलेलं दिसेल. एकेक चौकोन २५६ मीटर लांब, २५६ मीटर रुंद, आणि प्रत्येक चौकोन चालवणारी यंत्रणा वेगळी. एका चौकोनातून दुसऱ्यात शिरताना पहिली यंत्रणा तुम्हाला दुसरीच्या हवाली करते. त्या क्षणी बटण सोडलं तरी पाय चालतच राहतात. तुम्ही समुद्रात गेलात त्या अशाच. तिथे बुडून काही होत नाही. पेज-अप बटण दाबून धरलं की वर याल आणि उडायलाच लागाल.

आणि हेटेरोसेरा नावाचा खंड मात्र तुम्ही पाहाच. तो कंकणद्वीपाच्या आकाराचा आहे, मधोमध पाणी. तिथल्या प्रदेशांना पतंगांच्या जातींची नावं आहेत आणि खंडाला वळसा घालणारा रेल्वेमार्ग आहे. रूळ आणि मोठे रस्ते कंपनीच्या जमिनीवर असतात, म्हणून त्यांच्या कडेकडेने फिरणं नवख्याला सोयीचं. बंगल्यापाशी जे झालं ते खासगी जमिनीवर झालं. मालकांनी तिथे राखणीचं यंत्र लावलेलं असतं, ते ओळखीच्या यादीत नाव नसलेल्या प्रत्येकाला बाहेर काढतं. ते तुम्हाला पाहूनही काढत नाही, नाव तपासतं आणि ढकलतं. मनाला लावून घेऊ नका.

चौकातल्या त्या चौघांबद्दल. लिहिलेलं बोलणं २० मीटरपर्यंतच पोचतं. तुम्ही पलीकडे होतात, तुमचं ‘हॅलो’ त्यांना दिसलंच नसणार. मान खाली घातलेला माणूस काही वेळ संगणकापासून उठून गेलेला असतो. पडद्यावरची त्याची बाहुली तशी वाकते. तो परतला की मान आपोआप सरळ होते. जवळ जा आणि लिहा, ‘मी नवीन आहे.’ मोडकंतोडकं इंग्रजी चालतं. तिथे जपानी, ब्राझिलियन, जर्मन माणसं खूप आहेत आणि त्यांचंही तसंच असतं.

यापुढचं माझं सांगणं जरा विचित्र वाटेल. सुरुवातीला चालायलाच जाऊ नका. एका जागी उभ्या राहा आणि पाहायला शिका. ऑल्ट बटण धरून एखाद्या वस्तूवर माउसचं डावं बटण दाबा आणि माउस हळूहळू सरकवा. तुमचे पाय जागच्या जागी राहतील आणि नजर त्या वस्तूभोवती फिरेल, जवळ जाईल, लांब येईल. एस्केप दाबलं की नजर परत तुमच्या पाठीमागे. एवढं हाताला बसलं की खोलीतली भिंतीवरची चित्रं तुम्ही दारात उभं राहून बघाल, कोणाला धडकणार नाही, पायऱ्यांवर अडकणार नाही. नवी मंडळी चालण्याशीच झगडत बसतात आणि वैतागून निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण ही एक गोष्ट त्यांना पहिल्या दिवशी कोणी सांगितलेली नसते.

ढग होण्याचं कारण असं : हे जग तुमच्या लॅपटॉपवर साठवलेलं नसतं, तुम्ही जाल तसतसं ते इंटरनेटवरून येत राहतं. जे अजून पोचलं नाही ते करडं दिसतं, आणि तुमचं रूप पोचायचं होतं तोवर तुम्ही ढग. किती लांबवरचं दाखवायचं हे सेटिंगमध्ये मीटरने ठरवता येतं. ते ६४ वर आणून ठेवा, लॅपटॉपचा जीव हलका होईल. खोक्याचं म्हणाल तर दुकानातल्या पुष्कळ वस्तू खोक्यातच मिळतात. खोकं अंगावर चढवायचं नसतं. जिथे वस्तू मांडायला परवानगी आहे अशा मोकळ्या जागेत ते जमिनीवर ठेवायचं, उघडायचं, आतले कपडे आपल्या सामानात घ्यायचे आणि मग घालायचे. आत्ता चिकटलेल्या खोक्यावर उजवं क्लिक करून ‘डिटॅच’ निवडा.

हे सगळं कोणीतरी शेजारी उभं राहून शिकवावं असं वाटत असेल, तर नकाशाच्या शोधात ‘कॅलेडन ऑक्सब्रिज’ लिहा. व्हिक्टोरियन काळाच्या धाटणीची ती एक शाळा आहे, खास नवख्यांसाठी. एकेक दालन, एकेक धडा. शिक्षिका म्हणून तुम्हाला त्यांची मांडणी आवडेल.

धोक्याबद्दल थोडक्यात. प्रत्येक जागेला जनरल (सर्वांसाठी), मॉडरेट (मधला) किंवा अ‍ॅडल्ट (फक्त प्रौढांसाठी) असा दर्जा असतो. सेटिंगमध्ये फक्त ‘जनरल’ ठेवा. कोणी त्रास दिला तर त्याच्यावर उजवं क्लिक करून ‘ब्लॉक’, आणि निघून जायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एच, की तुम्ही आपल्या ठरलेल्या घरी. पासवर्ड कोणालाही नाही, भाच्याच्या मित्रालासुद्धा नाही. पैसे सध्या घालूच नका. तिथलं चलन लिंडेन डॉलर, एका अमेरिकी डॉलरला ते साधारण अडीचशे मिळतात, पण फुकट मिळणाऱ्या चांगल्या वस्तू इतक्या आहेत की वर्षभर पुरतील.

हात बसला की ‘ब्लेक सी’वर या. पाण्याचे किती तरी चौकोन एकाला एक जोडून तो समुद्र केलाय. तिथे शिडाच्या होड्या चालतात, शर्यती होतात. मी तिथे रमते. वारा कुठून येतोय ते पाहून शीड आवळायचं, सैल सोडायचं, हे तुमच्या गुडघ्यांना अजिबात न विचारता करता येतं.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला पक्षाघात झाला. उजवा हात चालत नाही, बोलणं अडखळतं. डाव्या हाताने माउस धरतो. त्याला या जगात जाता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येईल, दादा, आणि त्याच्यासारख्यांसाठी तिथे एक बेटच आहे : ‘व्हर्च्युअल अ‍ॅबिलिटी’. ते उभारणाऱ्या अ‍ॅलिस क्रूगर यांना स्वतःला मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे. अपंगत्व असलेली माणसं तिथे एकमेकांना शिकवतात आणि मदत करतात.

एका हाताने वापरायला दोन सोयी करून द्या. सेटिंगमध्ये ‘मूव्ह अँड व्ह्यू’ या भागात जमिनीवर एक क्लिक केलं की तिथवर चालत जायचं, असा पर्याय आहे. तो चालू केला की बाणांच्या बटणांची गरज उरत नाही. आणि कंट्रोल-के दाबून नजर फिरवण्याची छोटी चौकट उघडून ठेवा, म्हणजे ऑल्ट धरायला दुसरा हात लागणार नाही. बोलण्याची काळजी नको. तिथे पुष्कळ लोक लिहूनच बोलतात. सावकाश लिहिणाऱ्यासाठी समोरचा थांबतो, कारण समोरचाही कदाचित एकाच बोटाने लिहीत असतो. पहिल्या दिवशी मात्र तुम्ही शेजारी बसा. नाव आणि पासवर्ड टाकायला हात लावा, आणि बाकीचं त्याचं त्याला करू द्या.