हीटर प्लग पुन्हा पुन्हा का जळतात?

प्रश्न : आमच्याकडे वडिलांनी घेतलेला जुना बी-275 ट्रॅक्टर आहे. बागेतील कामे आणि आंबिया बहाराची संत्री कळमना बाजारात पोहोचवणे ही कामे तो अजून चोख करतो. मात्र डिसेंबर-जानेवारीत पहाटे तो काही केल्या सुरू होत नाही. सेल्फ (स्टार्टर) फिरतो, धुराड्यातून पांढरा धूर येतो आणि बॅटरी बसते. दुपारी तोच ट्रॅक्टर एका दमात सुरू होतो. मागील वर्षी वायरिंग नव्याने करताना वायरमनने हीटरच्या मार्गातील रेझिस्टन्स आणि डॅशबोर्डवरील तारेचे निदर्शक काढून टाकले व वायर स्विचमधून थेट प्लगना जोडली. तेव्हापासून मी तीन वेळा प्लग बदलले, तरी दर वेळी काही दिवसांत चारही निकामी होतात. आता मेकॅनिक म्हणतात, प्लगचा नाद सोडा आणि ईथरचा (चटकन पेटणाऱ्या द्रवाचा) फवारा मारा. काय करावे? – एक वाचक, काटोल (जि. नागपूर)

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच पत्रात आहे. वायरमनने जे दोन भाग अडगळ समजून काढले, ते प्लगइतकेच आवश्यक होते.

बी-275 च्या जुन्या इंजिनात डिझेल सरळ पिस्टनवर फवारले जात नाही. हेडमधील एका लहान कप्प्यात ते फवारले जाते आणि तिथे पेटून मग सिलिंडरमध्ये उतरते. डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. परंतु इंजिन गार असताना या कप्प्याच्या लोखंडी भिंती ती उष्णता शोषून घेतात, आणि डिझेल न जळता पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून त्या कप्प्यात हीटर प्लग बसवलेला असतो. आपल्याकडे पांढरा धूर निघतो, म्हणजे डिझेल पोहोचत आहे आणि केवळ उष्णता कमी पडत आहे. सेल्फ मारताना धूर मुळीच आला नसता, तर मी प्रथम फिल्टर पाहण्यास आणि लाइनमधील हवा काढण्यास सांगितले असते.

आता प्लग जळण्याविषयी. या ट्रॅक्टरचे चार प्लग एकापुढे एक, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे जोडलेले असतात. प्रत्येक प्लग सर्वसाधारणपणे 2 व्होल्टच्या आसपास चालण्यासाठी बनवलेला असतो, म्हणजे चारांना मिळून सुमारे 8 व्होल्ट पुरतात, आणि 12 व्होल्टच्या बॅटरीतील उरलेले व्होल्टेज रेझिस्टन्स व निदर्शक यांनी सोसायचे असते. हे दोन्ही काढल्यावर प्रत्येक प्लगच्या वाट्याला 3 व्होल्ट येतात. वाढ दीडपट दिसते, पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे प्लगवरील भार सव्वादोन पटींच्या घरात जातो. अशा प्लगची तार काढून पाहिली, तर तिचे वेटोळे मधोमध वितळून तुटलेले आणि दोन्ही टोकांना मण्यासारखी गाठ धरलेली दिसते. शिवाय माळेतील एक तार तुटली की चारही थंड पडतात, त्यामुळे चारही निकामी झाले असा आपला समज होणे स्वाभाविक आहे. बहुधा आपण दर वेळी तीन चांगले प्लग भंगारात टाकले असावेत.

जळालेला प्लग ओळखण्यासाठी 12 व्होल्टचा लहान टेस्ट लॅम्प पुरेसा आहे. लॅम्पचे एक टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावावे, मदतनीसाला हीटरचा स्विच दाबून धरण्यास सांगावे आणि दुसरे टोक बॅटरीकडील पहिल्या प्लगपासून क्रमाने पुढे नेत जावे. मार्ग शाबूत असेल, तर दिवा प्रत्येक प्लगनंतर थोडा मंद होत जातो. ज्या प्लगच्या अलीकडे तो लख्ख पेटतो आणि पलीकडे विझतो, तो प्लग जळालेला आहे. पट्ट्यांच्या नटांखाली गंज असेल, तर तो मात्र आधी घासून काढावा, कारण गंजही हेच लक्षण दाखवतो. जुना प्लग काढताना इंजिन कोमट असावे आणि आटे रात्रभर गंजनाशक तेलात भिजवून ठेवावेत. घाईत प्लग हेडमध्येच मोडला, तर खर्चाचा हिशोब पार बदलतो.

नवे प्लग मूळ प्रकारचे, दोन टोकांचेच घ्यावेत. दुकानात 12 व्होल्टचे पेन्सिल प्लग सहज मिळतात, पण ते या माळेत घातल्यास लालच होणार नाहीत. रेझिस्टन्स व निदर्शक पुन्हा बसवावेत. निदर्शकाची तार केशरी होईपर्यंत, म्हणजे साधारण 30 ते 45 सेकंद, स्विच धरून ठेवावा आणि मगच सेल्फ मारावा. घाईच्या माणसाला अर्धे मिनिट फार लांब वाटते, म्हणून घड्याळ पाहावे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये व मध्ये अर्धे मिनिट विश्रांती द्यावी.

ईथरविषयी माझे मत स्पष्ट आहे : हीटर प्लग असलेल्या इंजिनात ते वापरू नये. डिझेल सुमारे 210 अंशांना आपोआप पेटते, तर ईथर 160 ते 180 अंशांनाच पेटते. तापलेल्या प्लगशी गाठ पडताच ते पिस्टन वर येण्याआधी भडकते, आणि त्या धक्क्याने रिंगा तुटतात किंवा पिस्टनला तडा जातो. हवेच्या फिल्टरजवळ पेटता बोळा धरण्याची खेड्यातील रीतही मी याच यादीत धरतो.

प्रश्न : माझ्या ट्रॅक्टरवर 275 डीआय असे लिहिले आहे. त्याचा हीटर प्लग मला सापडत नाही. – एक वाचक, हिंगणा (जि. नागपूर)

उत्तर : तो नसल्यामुळे सापडत नाही. डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. त्यात डिझेल पिस्टनच्या डोक्यावरील वाटीत थेट फवारले जाते, उष्णता वाया जाण्यास वेगळा कप्पाच नसतो, म्हणून अशा जुन्या ट्रॅक्टरांत सिलिंडरमध्ये सहसा प्लग दिलेले नसतात. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. तेवढ्या थंडीतही कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणे) आणि बॅटरी ठीक असलेले असे इंजिन सुरू व्हायला हवे. आपला ट्रॅक्टर सकाळी त्रास देत असेल, तर सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंट्यांवर मीटर लावून पाहावे. व्होल्टेज साडेनऊच्या खाली घसरत असेल, तर दोष बॅटरी, खुंट्या किंवा इंजिनच्या अर्थिंगच्या वायरमध्ये शोधावा.