प्रदर्शनासाठी एकच शोध निवड

प्रिय विद्यार्थिमित्रा,
अनेक आशीर्वाद.

पंचवीस शोध, त्यांचे सन आणि शास्त्रज्ञांची चित्रं असा तक्ता विज्ञान प्रदर्शनात मांडायचा तुझा बेत कळला. माझं ऐकशील तर बाकीचे सोड आणि एकच शोध घे: १८३१ सालचं विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज निर्माण होणं. आजही बहुतेक वीजनिर्मिती त्याच तत्त्वावर चालते आणि तो घरी करून पाहता येतो.

१८०० मध्ये इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने दोन धातूंच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे एकावर एक रचून बॅटरी केली. सलग विद्युतधारा मिळू लागली, म्हणूनच १८२० मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ ओरस्टेडला तारेजवळची चुंबकसुई वळलेली दिसली. मग साहजिकच प्रश्न आला: विजेपासून चुंबकत्व मिळतं, तर चुंबकापासून वीज का नाही? उत्तराला अकरा वर्षं लागली, आणि या विलंबाचं कारण सनावळीत कुठेच सापडत नाही. चुंबक नुसता जवळ असला की धारा वाहत राहील, अशी बहुतेकांची अपेक्षा होती. जिनिव्हात कोलाडोन या शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये चुंबकाचा थेट परिणाम टाळण्यासाठी गॅल्व्हानोमीटर (क्षीण धारा सुईने दाखवणारं उपकरण) दुसऱ्या खोलीत ठेवला. कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, चुंबक घालून तो तिकडे पोहोचेपर्यंत सुई जागेवर परतलेली असे! इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडेला २९ ऑगस्ट १८३१ रोजी सुईचा तो क्षणिक झटका दिसला, आणि त्याचं महत्त्व त्याने ओळखलं.

आता तुझी मांडणी. ३ सेंमी व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर २८ गेज जाडीच्या, इनॅमलचा वीजरोधक लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे २०० वेढे एकाच दिशेने घे. मध्येच दिशा उलटली तर तेवढे वेढे एकमेकांना मारक ठरतात. त्याच तारेचे ४० वेढे छोट्या होकायंत्राभोवती घे आणि ते वेढे सुईला समांतर येतील असं होकायंत्र फिरवून ठेव. दोन्ही कॉइलची टोकं एकमेकांना जोड, पण मध्ये किमान एक मीटर अंतर राखायला विसरू नकोस. नाहीतर सुई चुंबकामुळेच हलेल आणि परीक्षक नेमकं तेच विचारतील.

सुई हललीच नाही, तर आधी तारेची टोकं बघ. इनॅमल पारदर्शक असतं, तार उघडी वाटते पण नसते. पॉलिश पेपरने चारही बाजू घास. मग एक जोड सोडून तिथे १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकव. सुई उडाली तर जोडणी ठीक आहे, म्हणजे दोष चुंबकाचा किंवा वेगाचा. चुंबक जोरदार घे आणि झटक्यात आत घाल. हळू सरकवलास तर धारा फार क्षीण असते.

प्रेक्षकाला आधी कोलाडोनसारखं एकट्याने चुंबक कॉइलमध्ये ठेवून मग सुईकडे यायला सांग. काही दिसणार नाही. नंतर त्याला सुईपाशी बसव आणि चुंबक तू हलव.

तुझा,
मार्गदर्शक